हक्कसोड न चालणारा वाटा

स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपवून बाई बांबोळीच्या किंवा परळच्या इस्पितळातून मालवणात परतली, की अख्खा वाडा डॉक्टर होतो. हळद घे, मासे सोड, अमक्याचा काढा पी. त्यातला सुशिक्षित सल्ला असा: ‘आता अंडाशयाची भीती. दरवर्षी सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्तचाचणी करून टाक.’ भीती अगदीच खोटी नाही. सल्ला फुकट मिळतो, चाचणीचे पैसे पडतात.

ब्रिटनमध्ये सर्वसाधारण जोखमीच्या दोन लाखांहून अधिक बायकांवर २००१ पासून हेच करून पाहिलं. काहींचा रोग आधी सापडला. पण २०२१ मध्ये अंतिम हिशेब लागला तेव्हा मृत्यू काही घटले नव्हते. जास्त जोखमीच्या बायकांतही अशा तपासण्यांनी जीव वाचतो, हे आजवर सिद्ध झालेलं नाही. सीए-१२५ तर पाळीत वाढतो, फायब्रॉइडने वाढतो, पोटाच्या टीबीनेही वाढतो आणि खऱ्या कॅन्सरच्या सुरुवातीला कधीकधी गप्प बसतो. सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, अंडाशय नाही. इथे सरकारचं बरोबर आहे. या सदरात हे वाक्य पुन्हा लवकर येणार नाही.

मग उपयोगाचं काय? एक बिनखर्चाचा प्रश्न: घरात आणखी कोणाला झाला होता?

इथेच आमची बोबडी वळते. सामायिक जमिनीच्या सातबाऱ्यावरची वीस-पंचवीस नावं आम्हाला तोंडपाठ. पणजोबांच्या दुसऱ्या बायकोची शाखा कुठल्या चाळीत आहे, तेही ठाऊक. पण आते कशाने गेली? ‘पोटात काय तरी झालेला.’ आणि थोरली चुलती? ‘ता सांगू नको, चेडवाचा लगीन जुळवूचा आसा.’

१९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, आधीच लग्न झालेल्या लेकी वगळून. त्याच वर्षी स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी नातं असलेलं बीआरसीए-१ हे जनुक शास्त्रज्ञांच्या हाती लागलं. त्यातला बिघाड मुलगा-मुलगी, लग्न झालेली-न झालेली, काही बघत नाही. प्रत्येक मुलाकडे तो जाण्याची शक्यता निम्मी. तो बापाकडूनही येतो, म्हणून आतेही मोजायची. भावांनी बहिणींकडून हक्कसोडपत्रं कितीही लिहून घेतली असोत, या वाट्यावर ती चालत नाहीत.

स्तनाचे बहुतेक कॅन्सर आनुवंशिक नसतात, शंभरात पाच-दहाच. पण पन्नाशीच्या आत झाला, दोन्ही बाजूंना झाला, ट्रिपल निगेटिव्ह निघाला, घरात कोणाला अंडाशयाचा झाला किंवा एखाद्या पुरुषाला स्तनाचा झाला, तर जनुक चाचणीचं विचारायलाच हवं. बीआरसीए-१ मध्ये बिघाड असलेल्या शंभर जणींपैकी सुमारे ४४ जणींना ऐंशीव्या वर्षापर्यंत अंडाशयाचा कॅन्सर होतो, तशाच बीआरसीए-२ जनुकात बिघाड असेल तर सुमारे १७ जणींना. एरवी हे प्रमाण शंभरात एखादी.

अशा बाईला मुलंबाळं झाल्यावर, साधारण पस्तिशी ते पंचेचाळिशीत, अंडाशय आणि गर्भनलिका काढण्याचा सल्ला देतात. धोका ८० टक्क्यांच्या आसपास घटतो. पाळी मात्र लगेच जाते, हाडांची काळजी घ्यावी लागते. म्हणून निर्णय वाड्याने नव्हे, त्या बाईने डॉक्टरांशी बोलून घ्यायचा. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये यासाठी कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे. आधी आजारी बाईचं रक्त तपासतात; बिघाड सापडला तर बहिणी, मुलं, पुतण्या यांच्यात फक्त तोच शोधायचा असतो.

आणि पोट फुगतंय, चार घासांत भरतंय, ओटीपोट दुखतंय, सारखं लघवीला लागतंय, असं दोन-तीन आठवडे रोज चाललं असेल, तर ते ‘गॅस’ या खात्यात जमा करू नका. सोनोग्राफी आणि सीए-१२५ तेव्हा जरूर करायची.

गणपतीला सगळी भावकी घरी येते. बांधावरून भांडा, ती परंपरा आहे. फक्त त्याआधी एका कागदावर उतरवा: कोणाला, कुठला, कितव्या वर्षी. लग्न मोडेल म्हणून गावापासून लपवायचं तर लपवा. डॉक्टरपासून आणि पुतणीपासून लपवाल, तर स्थळ टिकेल, मुलगी टिकेल का ते बघा.