पंचाहत्तर डेनियरची संस्कृती

बाईनं काय घालावं यावर देशात कुठेही वाद पेटला, की आम्हा सिल्वासाकरांना उगाचच थोडं जबाबदार असल्यासारखं वाटतं. वाद कुठलाही असो, त्यातल्या कापडाचा धागा आमच्याकडून गेलेला असण्याची शक्यता असतेच. दादरा-नगर हवेलीत पॉलिस्टर धाग्याचे इतके कारखाने आहेत, की कुणी ‘मी यार्नमध्ये आहे’ म्हणालं तर पुढे काही विचारावं लागत नाही. चिप्स वितळवायच्या, बारीक छिद्रांतून त्यांचे तंतू ओढायचे, ते तापवून, पिळून त्यांना कुरळेपणा आणायचा, बॉबिनवर गुंडाळायचे आणि सुरतेला नाहीतर भिवंडीला धाडून द्यायचे. पुढे त्या धाग्याचं काय होतं याची इथे कुणाला फिकीर नाही. एकाच लॉटमधल्या एका बॉबिनचा घुंघट होतो, दुसरीचा बुरखा, तिसरीची लेगिंग आणि चौथीचा एखाद्या नटीचा तो झगा, ज्याच्यावरून टीव्हीवर तीन दिवस घसे कोरडे होतात. आपण संस्कृती झालो की संस्कृतीवरचा घाला, हे पंचाहत्तर डेनियर जाडीच्या त्या धाग्याला शेवटपर्यंत कळत नाही. ते ठरवायला माणसं बसलेली आहेत.

खरं तर आमच्या गावात ती फारशी बसलेली दिसत नाहीत. संध्याकाळी झंडा चौकात उभं राहावं. गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली वारली म्हातारी, उजव्या खांद्यावरून पदर पुढे घेतलेली गुजराती बेन, डाव्या खांद्यावर पदर टाकलेली मराठी वहिनी, पाळी संपवून निघालेल्या बिहार-ओडिशाकडच्या मुली आणि जीन्स घालून स्कूटरवरून जाणारी कॉलेजकन्या, सगळ्या एकाच भाजीवाल्याशी भांडत असतात. कुणाचंही लक्ष कुणाच्या कपड्यांकडे नसतं, कारण ते वजनकाट्याकडे असतं. मतं घरी गेल्यावर फुटतात, हातात फोन आला की.

आमच्या सोसायटीतल्या शेजारच्या काकू मागे अशाच तापल्या होत्या. कुणा नटीनं बायकांच्या हक्कांवर भाषण केलं होतं. “हक्कांवर बोलतेय आणि अंगावर बघा काय घातलंय!” काकू म्हणाल्या. मी विचारलं, “पण बोलली काय ती?” काकू जरा थांबल्या. “ते नाही हो ऐकलं. हे झोपले होते ना, म्हणून आवाज बंद करून बघत होते.”

काकूंना हसण्यात अर्थ नाही. आवाज बंद करून बघणाऱ्यांत मोठमोठी मंडळी आहेत. हॅरी पॉटरच्या चित्रपटांतली हर्मायनी, एमा वॉटसन, 2014 साली संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर उभी राहिली आणि स्त्री-पुरुष समानतेच्या कामात पुरुषांनीही यावं असं आवाहन तिनं केलं. कौतुक झालं. 2017 मध्ये एका नामांकित मासिकात तिचं छायाचित्र आलं, त्यात छाती थोडी उघडी दिसत होती. झालं! तीन वर्षांचं काम बाजूला राहिलं आणि हिचा स्त्रीवाद आता कुठे गेला, असं लोक विचारू लागले. त्यात बायकाही होत्या. तिनं उत्तर दिलं, त्याचा मथितार्थ असा, की स्त्रीवाद बाईला निवडीची मोकळीक देण्यासाठी आहे, दुसऱ्या बाईला झोडपायची ती काठी नव्हे.

काठीबद्दल ती म्हणाली ते मला शंभर टक्के पटतं. निवडीबद्दलचं सत्तर टक्के. उरलेले तीस टक्के सिल्वासात राहिल्यामुळे कापले गेले आहेत. बाईनं निवडलं म्हणून ते आपोआप मुक्तीचं झालं, हे धाग्याच्या गावात राहून पटायला कठीण जातं. यंदा कुठला रंग चालणार, कापड किती झुळझुळीत हवं, हे सुरतेच्या बाजारात आधीच ठरलेलं असतं. आपण दुकानात जातो आणि टांगलेल्यांतलं एक निवडतो. निवड आपली असते, टांगणारा दुसराच कुणी असतो. मासिकातल्या फोटोचंही तेच आणि लग्नातल्या पैठणीचंही तेच. पण गंमत अशी, की दुकान कुणाचं हा प्रश्न फक्त तोकड्या कपड्यांना विचारला जातो. पैठणीला कुणी विचारत नाही.

आपल्याकडे तर दोन्ही बाजूंनी पंचाईत. नोव्हेंबर 2022 मध्ये मंत्रालयात संभाजी भिडे यांनी एका महिला पत्रकाराला, आधी टिकली लाव मग तुझ्याशी बोलेन, अशा अर्थाचं सुनावलं. दोन महिने होतात न होतात तोच, जानेवारी 2023 मध्ये, भाजपच्या नेत्या चित्रा वाघ उर्फी जावेदच्या कपड्यांची तक्रार घेऊन मुंबई पोलिसांकडे गेल्या. राज्य महिला आयोगानं भिडे यांना नोटीस पाठवली होती, वाघ यांनाही पाठवली. एकीच्या कपाळावर काही कमी पडलं, दुसरीच्या अंगावर. महाराष्ट्रात बाईनं घराबाहेर पडताना किती चौरस इंच झाकावं आणि कुठे ठिपका द्यावा, याचं एक कोष्टक सरकारनं छापून टाकावं, म्हणजे आयोगाचा टपालखर्च तरी वाचेल.

हे काही आजचं नाही. 1938 साली मास्टर विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’त मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या आणि मराठी सभ्यता हादरली. ती इतकी हादरली, की थेटरात जाऊन खात्री करून घेणाऱ्यांची रीघ लागली. पटकथा आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शन विनायकांचं. ब्रह्मचर्याच्या ढोंगाची टिंगल करायची ही कल्पना त्या दोघांची. पण नाव निघालं की अत्र्यांचा विनोद आठवतो, विनायकांची दृष्टी आठवते आणि मीनाक्षीबाईंचा मात्र पोशाख आठवतो. पुढे त्यांची नात नम्रता 1993 साली ‘मिस इंडिया’ झाली. तोवर पोहण्याच्या पोशाखाला स्पर्धेत गुण मिळू लागले होते. नऊवारीचं नशीब याच्या उलट. ती सोडून पाचवारी नेसणाऱ्या पणजीला ‘फॅशन आली हो’ असं ऐकून घ्यावं लागलं आणि तीच नऊवारी, शिवून तयार मिळालेली, पाडव्याच्या शोभायात्रेत गॉगल लावून नेसणाऱ्या पणतीचे फोटो पेपरात येतात.

कपड्यांवरून बाई ओळखू येते असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांना मी आमच्या गावाचा इतिहास सांगते. पोर्तुगीजांच्या ताब्यातला हा मुलूख सोडवायचं 1954 साली काही तरुणांनी ठरवलं. सरकारी फौज नाही, गाठीला पैसा नाही. शस्त्रं तर हवीत. मग पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम ठरला आणि त्यातून मोहिमेसाठी निधी उभा राहिला. लताबाई तेव्हा पंचविशीच्याही आत होत्या. जन्मभर ज्या पांढऱ्या साडीतच लोकांच्या डोळ्यांसमोर राहिल्या, सात्त्विक, सोज्ज्वळ, देवघरातल्या समईसारख्या अशी ज्यांची वर्णनं करून आपण थकलो नाही, त्या बाईंनी बंदुकांसाठी पैसे उभे करून दिले! पांढऱ्या साडीकडे बघून हे कुणाला ओळखता आलं असतं?

मोहिमेत सुधीर फडके स्वतः उतरले. तरुण बाबासाहेब पुरंदरेही होते. जुलैच्या शेवटी दादरा आणि नरोली मोकळी झाली आणि 2 ऑगस्ट 1954 रोजी भर पावसात सिल्वासा. पुढच्या एप्रिलमध्ये पुणे आकाशवाणीवर फडक्यांचं ‘गीतरामायण’ सुरू झालं. म्हणजे ज्या हातांनी आमच्यासाठी धोका पत्करला, तेच आठ महिन्यांत पेटीवर चाली बांधत होते. आज एखाद्या कलावंतानं चार ओळींचं मत मांडलं, तरी ‘गाणं म्हणा ना, नसत्या भानगडी कशाला?’ असं ऐकावं लागतं. फडक्यांनी ते ऐकलं असतं तर आमचा मुक्तिदिन बराच पुढे गेला असता. आणि हो, मोहिमेवर निघताना त्यांनी धोतर नेसलं होतं की पॅंट घातली होती, हे मी आजवर कुठेही वाचलेलं नाही. पुरुषाच्या पराक्रमात त्याच्या कपड्यांना जागाच नसते.

लताबाईंची यादी एवढ्यावर संपत नाही. फिल्मफेअरचं पारितोषिक संगीतकाराला मिळे, गाणाऱ्याला नाही. ‘चोरी चोरी’साठी शंकर-जयकिशन यांना 1957 साली ते मिळालं, तेव्हा समारंभात गाऊन दाखवायला लताबाईंनी नकार दिला. गाणाऱ्यांना पारितोषिक नाही, मग गाणंही नाही. 1959 पासून पार्श्वगायनाचं पारितोषिक सुरू झालं आणि पहिलं त्यांच्याच पदरात पडलं. गाण्यांच्या रॉयल्टीत गायकांचाही वाटा हवा, यावरून रफींसारख्या गुणी सहगायकाबरोबर गाणं काही वर्षं बंद राहिलं, तरी त्या हटल्या नाहीत. या सगळ्याला त्यांनी स्त्रीवाद म्हटलं नाही, आपणही म्हटलं नाही. आपण साडीचे काठ बघत राहिलो.

आता दुसरं टोक. सिल्वासाहून तलासरी जवळच. तिथे आणि उंबरगावात 1945 साली वारल्यांचा उठाव झाला, वेठबिगारीविरुद्ध आणि लग्नाच्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या मालकाकडे राबणाऱ्या लग्नगड्यांच्या गुलामीविरुद्ध. गोदावरी परुळेकर या पुण्याच्या कायदा शिकलेल्या बाई पाड्यापाड्यांतून पायी हिंडल्या. त्यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचलेल्यांना ठाऊक आहे, की त्या काळी वारली बाईच्या अंगावर लाज झाकण्यापुरतंही धड कापड नसे. तेव्हा संस्कृतिरक्षकांपैकी एकही जण ते उघडं अंग पाहून अस्वस्थ झाला नाही, एक लुगडं घेऊन आला नाही. आजही आवणीच्या चिखलात उभ्या असलेल्या वारली बाईचा गुडघा उघडाच असतो. त्यावर चर्चासत्रं होत नाहीत. गरीब बाईचा गुडघा दिसला की तो कष्ट, नटीचा दिसला की अधःपात. गुडघे दोघींचेही सारखेच असतात, फरक बघणाऱ्याच्या सवडीत असतो.

कपड्यांबद्दलचा मला माहीत असलेला सर्वांत शहाणा नियम 1948 च्या कारखाने कायद्यात लिहिलेला होता. त्याचं 22वं कलम सांगे, की चालू यंत्राची तपासणी फक्त प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगारानं, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालूनच करावी आणि ते कपडे मालकानं पुरवावेत. सैल कापड यंत्रात ओढलं जातं, इतकं साधं कारण. म्हणजे बघा, या देशात घट्ट कपड्यांची कायदेशीर सक्ती झाली ती पुरुषांवर! आणि एकाही पुरुषाला आपलं शील धोक्यात आल्याचं वाटलं नाही. कपडा कामासाठी असतो, हे त्यांना एका वाचनात पटलं.

त्याच कायद्यात बायकांना कारखान्यात रात्री 7 ते सकाळी 6 या वेळेत कामाला बंदी होती. धाग्याचे कारखाने तर चोवीस तास चालतात. हे संरक्षण होतं की अडवणूक, रात्रीच्या पाळीची मजुरी कुणाच्या हातातून जात होती, बंदी उठवायची तर रात्री घरी पोचवायला गाडी कोण देणार, यावर आपण किती तास भांडलो? उर्फीला दिले त्याचा दहावा हिस्सा तरी? कपड्यांवर मत द्यायला खर्च येत नाही, अभ्यास लागत नाही आणि आवाजही चालू करावा लागत नाही. म्हणून ते मत सगळ्यांकडे असतं.

नामवंतांनी समाजाच्या प्रश्नांत पडावं की पडू नये, यावर मी काकूंशी वाद घालणं सोडून दिलं आहे. मी त्यांना एकच माप देऊन ठेवलं आहे आणि तेच तुम्हालाही देते. एखादी प्रसिद्ध बाई काही बोलली, तर आधी ती काय म्हणते ते ऐका आणि मग बघा, की या म्हणण्यापायी तिनं काय पणाला लावलं: वेळ, पैसा, काम, जीव, काहीतरी. काहीच पणाला लावलेलं नसेल, तर खुशाल टीका करा, ती नऊवारीत असली तरी. आणि लावलं असेल, तर तिचं म्हणणं मनावर घ्या, ती कशातही असली तरी. पुरुषांनाही हेच माप लावा. त्यांच्या बाबतीत सोपं जाईल, कपड्यांकडे तुमचं लक्ष नाहीतरी नसतंच.