प्रतिकारशक्तीचा वीकेंड

डिसेंबर लागला की मुंबईकरांची प्रतिकारशक्ती कर्जतच्या फार्महाऊसवर मुक्कामाला येते. सकाळी दवावर अनवाणी चालायचं, कोवळं ऊन खायचं, मग काढा. २०२० साली आयुष मंत्रालयाने सांगितलेलाच हा काढा : तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका. फक्त आता तो मातीच्या पेल्यात येतो आणि बिलात वेगळा लागतो.

संध्याकाळी पोपटी. वालाच्या शेंगा, ओवा, मीठ नि भांबुर्ड्याचा पाला मडक्यात ठासायचा, मडकं उपडं करायचं, भोवती जाळ. तेल नाही, पाणी नाही. खालापूरकर शेताच्या बांधावर ही पिढ्यान्‌पिढ्या खात आले, पण आपण ‘प्लान्ट प्रोटीन’ घेतोय हे बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं. पाहुण्यांनी सांगितलं तेव्हा कळलं.

ऊन, अनवाणी चाल, घाम गाळणं हा सगळा कोर्स इथले कातकरी फुकटात करतात; दिवाळीनंतर वीटभट्टीवर, सहकुटुंब. तरी त्यांच्या पोरांचं वजन काही भरत नाही. निसर्गोपचारात काहीतरी राहून जात असणार. रोजची डाळ, अंडं, वेळेवर लस, पुरेशी झोप वगैरे. त्याचं पॅकेज मात्र कुठल्याच फार्महाऊसच्या पाटीवर दिसत नाही. बहुधा त्यात फोटो चांगले येत नसावेत.