भाऊ ऐकून राह्यले

अकोल्याच्या एमआयडीसीत डाळमिल चालवणारे भाऊ तुम्हाला ठाऊक असतील. नसतील तर पन्नाशीतला, सफारीतला, स्वतःच्या आधी आवाज फाटकातून आत पाठवणारा कोणताही मालक डोळ्यांपुढे आणा. "काहून बे, गाडी खाली नाही झाली अजून?" यातल्या 'बे'च्या सुरावरून हमालांना कळतं, आज तूर चढली की उतरली.

अशा भाऊंचा मुलगा हल्ली पुण्याहून एमबीए करून येतो आणि बापाला कोच लावून देतो. दर गुरुवारी कोच लॅपटॉपवर उगवतो. वार भाऊंनीच निवडलेला. गजानन महाराजांचा दिवस, त्या दिवशी ते तसेही कोणाला शिवी देत नाहीत. प्रगती लवकर दिसेल.

कोच मार्शल गोल्डस्मिथ या अमेरिकन गुरूच्या पठडीतला. या गोल्डस्मिथने २००७ साली एका पुस्तकात यशस्वी साहेबांच्या वीस वाईट सवयी मोजून दाखवल्या. रागात बोलणं, दुसऱ्याचं न ऐकणं आणि वाक्याची सुरुवातच 'नाही, पण'ने करणं, ही त्यातली काही रत्नं. भाऊंनी यादी शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "नाही, पण याच्यात चूक काय हाये?"

गोल्डस्मिथ या शब्दांना दंड लावतो. इथेही लागला. वीस रुपये, शेगावच्या दानपेटीसाठी वेगळ्या डब्यात. मिलमध्ये एवढी नियमित आवक दुसऱ्या कशाचीच नसेल.

मग कर्मचाऱ्यांचं मत मागवलं गेलं, बिननावाच्या फॉर्मवर. 'भाऊंची उणीव' या रकान्यात बहुतेकांनी 'भाऊ फार काम करतात' एवढंच लिहिलं. एकाने मात्र लिहिलं, 'भाऊंनी दुपारी घरी जेवाले जावं.' भाऊंनी रात्र जागून अक्षर ओळखलं. दिवाणजी! पण नियम असा की, सूचना कोणाचीही असो, उत्तर एकच द्यायचं: धन्यवाद. दुसऱ्या दिवशी भाऊंनी दिवाणजींना दिवसभर नुसतं धन्यवाद म्हटलं. दिवाणजी घरी गेले ते ताप घेऊनच.

खरी पंचाईत हमालांची झाली. पूर्वी शिवी खाऊन माणूस कामाला लागायचा. आता भाऊ खुर्ची पुढे ओढतात, "बोल राजा, तुले काय वाटते?" म्हणतात आणि डोळ्यांत डोळे घालून थांबतात. "मी ऐकून राह्यलो." फटका डाळीच्या पोत्याला टेकलेला तो गडी घामाघूम होतो. भाऊंची तब्येत बरी नाही की आपली नोकरी गेली, एवढंच त्याला ठरवता येत नाही.

अमरावतीच्या भाऊंची जात थोडी निराळी. तिथले भाऊ शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष, त्यांना ऐकण्यापेक्षा सांगण्याची आवड. कोचलाच ते सांगतात, "आमच्या गावाले वस्ताद नवे नाहीत. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, १९३६ साली आमच्या पोरांनी बर्लिनले कबड्डी दाखवली." मग २०२२ चा विक्रम येतो: अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण, सलग १०५ तास ३३ मिनिटं. "याले म्हणतात लीडरशिप!" तोवर कोचचा तास संपलेला असतो. माझ्या मते हे भाऊ असाध्य आहेत.

अकोल्याचे भाऊ मात्र खरंच सुधारत होते. त्यांचा घात झाला तो फीच्या अटीने. गोल्डस्मिथचा दंडक असा, की माणूस सुधारला असं त्याच्यासोबत काम करणाऱ्यांनी म्हटलं, तरच पैसे. हीच अट ऐकून भाऊ तयार झाले होते. वर्ष संपलं, शेवटचे फॉर्म आले. भाऊंनी दिवाणजींना केबिनमध्ये बोलावलं, दार लोटलं आणि हळूच म्हणाले, "पाहा, मी काही एवढा सुधारलो नाही. रक्कम मोठी हाये."

"लेहून देल्लं भाऊ," दिवाणजी म्हणाले. "लय सुधारले तुम्ही. तुम्हीच म्हणले होते ना, खरं लेहा."

भाऊंचा चेहरा तुरीच्या भावासारखा चढला. ओठांवर 'नाही, पण' आलं. डबा समोरच होता.

"धन्यवाद," भाऊ म्हणाले.

दिवाणजींनी कोचच्या नावाचा चेक सहीसाठी पुढे सरकवला.