हॉलमध्ये महाबळेश्वर, बेडरूममध्ये नागपूर

"काय वहिनी, काल रात्री भांडण झालं की काय? आवाज पार जिन्यात येत होता."

"भांडण कसलं काकू, थर्मोस्टॅटवरून महाभारत! ह्यांनी २४ वर ठेवला. इकडे बेडरूममध्ये मी घामाने निथळतेय. शेवटी उठले आणि सरळ १८ केला. तासाभरात हॉलमधून सासूबाई शाल गुंडाळून ओरडल्या, 'मला मारायचंय का गं?' आणि बेडरूम? जशीच्या तशी!"

"हॉलमध्ये महाबळेश्वर, बेडरूममध्ये नागपूर. कुवेतच्या जलीबमधल्या ह्या जुन्या बिल्डिंगांत दुसरं काय व्हायचं! अहो, १८ केलं म्हणून हवा जास्त गार येत नाही, मशीन नुसती जास्त वेळ चालते. ती गच्चीवर बसलेली, तिला तुमची बेडरूम कुठून दिसणार? हॉलमधला थर्मोस्टॅट सांगेल तेवढं तिला कळतं. हॉल गार झाला की ती गप्प. तुमची बेडरूम पश्चिमेची. दुपारचं ऊन भिंतीत मुरतं आणि रात्री उशिरापर्यंत आत येत राहतं."

"हारिसला, बिल्डिंगच्या रखवालदाराला, सांगितलं, तर तो म्हणतो, 'मॅडम, बाहर पचास डिग्री है, एसी क्या करेगा?'"

"पन्नासचं खोटं नाही हो. २१ जुलै २०१६ ला इथल्याच मित्रिबाला ५३.९ अंश नोंदवलं होतं, जागतिक हवामान संघटनेने त्यावर शिक्कामोर्तबही केलंय. पण त्याच उन्हात तुमच्या सासूबाईंना शाल लागते ना? म्हणजे गारवा भरपूर आहे, वाटणी चुकतेय."

"मग करू काय?"

"आधी फिल्टर काढा. परवाच्या धुळीच्या वादळानंतर आमचा काढला, तर जाळी दिसेचना! बोटाने नाव लिहावं एवढा पिठूळ थर. मोरीत धुतला तर पाणी चहाच्या रंगाचं. नीट वाळवून मगच बसवला, ओला बसवला की कुबट वास सुटतो."

"आणि धुवायला गार पाणी कुठलं? नळाला हात लावला तरी चटका बसतो."

"गीझर बंद ठेवा आणि त्यातलं घ्या. टाकी गच्चीवर तापते, गीझर घरात एसीत असतो. उन्हाळ्यात इथे गार पाणी गरम पाण्याच्या नळाला येतं. बरं, दुसरं सांगा, रात्री बेडरूमचं दार लावता?"

"लावतो की. मुलं मोठी झाली आता."

"तिथेच घोळ आहे. हवा परत ओढणारी ग्रिल हॉलमध्ये. दार बंद, खाली फट नाही, म्हणजे आतली हवा आतच कोंडते. जुनी बाहेर जाईना, तर नवी येणार कशी? बेडरूममध्ये गार हवा सोडणाऱ्या ग्रिलखाली हात धरून बघा, एकदा दार उघडं ठेवून, एकदा लावून. आम्ही सुताराकडून दार खालून बोटभर तासून घेतलं."

"आणि त्या फटीतून झुरळं आली तर?"

"ती तशीही येतातच, फटीचं निमित्त कशाला! मग हॉलमधल्या गार हवा सोडणाऱ्या ग्रिलच्या पट्ट्या थोड्या मिटवा, म्हणजे हवा तुमच्याकडे वळेल. पण सगळ्या गच्च मिटवू नका. हवा अडली की आत कॉइलवर बर्फ धरतो आणि मग अख्खं घर एकसारखं होतं, गरम!"

"वरच्या मजल्यावरच्यांनी म्हणे काचेला फॉइल चिकटवलाय."

"पोळ्या गुंडाळायचा! आता दिवसाढवळ्या दिवे लावून बसतात. त्यापेक्षा सन फिल्म लावा, तीही फक्त पश्चिमेच्या खिडकीला. नुसत्या जाड पडद्याने पुरतं भागत नाही, ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं. आणि स्वयंपाक झाला की एक्झॉस्ट बंद करा. तो जेवढी हवा बाहेर फेकतो, तेवढीच बाहेरची गरम हवा फटींतून आत येते."

"एवढं करून नाहीच जमलं तर?"

"तर फॉल्स सीलिंग उघडून डक्ट बघायला लावा. सांधा सुटला असेल तर तुमच्या वाटणीचा गारवा छतातच जिरतोय. ते काम एसीवाल्याचं आणि पैसे घरमालकाचे, हे आधीच बोलून घ्या."

"हे म्हणतात, इथे वीज स्वस्त, कशाला डोकं लावायचं?"

"स्वस्त असली तरी पुरायला नको? जून २०२४ मध्ये भर दुपारी ठरवून वीज बंद केली होती, विसरलात? आपण लोडशेडिंगला कंटाळून इथे आलो, तर तेही मागोमाग आलं! वीज वाचवायलाच तर भारतात २०२० पासून खोल्यांचे नवे एसी सुरू केले की मुळातच २४ वर लागतात. सासूबाईंचं आणि तुमच्या ह्यांचं बरोबर आहे वहिनी, २४ राहू द्या. शुक्रवारी सुट्टी आहे, ह्यांना स्टुलावर चढवा आणि आधी फिल्टर धुऊन घ्या. त्याला एक फिल्सही लागत नाही."