वरचा कॉमा बोलायचा कसा? नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

इंग्रजीत मालकी दाखवणाऱ्या वरच्या कॉमाचा (अपॉस्ट्रॉफीचा) नियम पाचवीच्या पोरालाही पाठ असतो: मुलगा एक असेल तर तो ‘एस’च्या आधी, मुलगे अनेक असतील तर नंतर. आता पुस्तक मिटा, तोंड उघडा. एका मुलाची खोली म्हणा: ‘बॉइज रूम’. आता चार मुलांची: ‘बॉइज रूम’. शाबास! दोन्ही उच्चार अचूक आले. फरक ऐकू आला नाही, तो लंडनमध्ये जन्मलेल्यालाही येत नाही.

काही जिद्दी विद्यार्थी कॉमाच्या जागी श्वास रोखतात, काही हवेत बोट वाकडं करतात. फोनवर दोन्ही उपाय निकामी.

सरावासाठी शब्द पारखून घ्यावेत. बायको उत्तम. एकीचं असेल तर ‘वाइफ्स’, अनेकींचं असेल तर ‘वाइव्ज’, फरक खणखणीत. (दुसऱ्या रूपाचा सराव घरात मोठ्याने करू नये.) ‘चाइल्ड्ज’ आणि ‘चिल्ड्रन्ज’ यांतही गोंधळ नाही. उरलेल्या हजारो शब्दांसाठी ऐकणाऱ्याच्या समजुतीवर भिस्त ठेवावी. इंग्रज शतकानुशतकं तेच करत आले आहेत.

प्रगत विद्यार्थ्यांनी लंडनच्या पिकॅडिली लाइनवर बसावं. ‘अर्ल्ज कोर्ट’ आणि ‘बॅरन्ज कोर्ट’ ही लागोपाठची स्टेशनं. पहिल्याच्या पाटीवर कॉमा आहे, दुसऱ्याच्या नाही. डोळे मिटून घोषणा ऐका आणि कोणत्या स्टेशनाला कॉमा आहे ते सांगा. पुढच्या गाडीत पुन्हा प्रयत्न करा.

अमेरिकेत ॲना जार्विस या बाईंनी ‘मदर्ज डे’ रूढ केला. 1914 साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तो जाहीरही केला. बाईंचा हट्ट असा, की कॉमा ‘एस’च्या आधीच हवा: ज्याने त्याने आपापल्या एका आईला मान द्यायचा, जगातल्या समस्त मातांना नव्हे. युक्तिवाद बिनतोड, पण फक्त कागदावर. तोंडी शुभेच्छा देणारा एका आईला देतोय की सगळ्यांना, हे बाईंनाही ओळखता आलं नसतं.

मराठी माणसाची अडचण वेगळीच. आपल्याला ‘मुलाचं’ आणि ‘मुलांचं’ यांतला फरक ऐकायची सवय, आणि वडील एकच असले तरी ‘वडिलांचं’ म्हणायचं वळण. त्यांना एकवचनात ओढताना जीभ अडखळते. अशा वेळी ‘माय फादर्ज’ म्हणताना मनातल्या मनात कॉमा खुशाल ‘एस’च्या पुढे सरकवावा. आदर राखला जातो, आणि इंग्रजाला वडील एकच ऐकू येतात.