कंट्रोल-पी दाबण्यापूर्वी

गोंदिया जिल्ह्यात धान विकायचे तर धानाइतकाच सातबाराही पिकवावा लागतो. तो आता १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. डिजिटल सहीचा असतो, तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नसते. एवढे सगळे डिजिटल झाल्यावर तो द्यायचा मात्र कागदावर. म्हणून धान खरेदीची नोंदणी सुरू झाली की माझ्या झेरॉक्सच्या दुकानापुढे कास्तकारांची रांग लागते.

दुकानातल्या संगणकावर लिनक्स आहे. फुकट आहे, जुन्या यंत्रावरही धावते, व्हायरसची कटकट नाही. माझी काहीच तक्रार नाही. फक्त कोणी प्रिंट मागू नये.

कंट्रोल-पी दाबले की ब्राउझर समाधी लावतो. खिडकी धूसर होते, माउसचे चक्र फिरत राहते आणि पाटी येते : 'थांबा' किंवा 'सक्तीने बंद करा'. बंद करावे तर पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी. आणि ओटीपीचा मोबाइल नेमका घरी चार्जिंगला लावलेला.

"भाऊ, निघत काहून नाही?"

"विचारपूस करून राहिला," मी सांगतो.

हे अगदी खरे आहे. लिनक्सवर छपाईचा कारभार 'कप्स'कडे असतो. ब्राउझर तिथून प्रिंटरांची यादी घेतो आणि चौकशी करतो : कागद कोणता, रंगीत की काळे, दोन्ही बाजूंनी छापता का? यादीत कधीकाळी नेटवर्कवर जोडलेला, आता भंगारात गेलेला प्रिंटरही असतो. पुष्कळदा घोडे तिथेच अडते : त्याच्या उत्तराची वाट पाहत ब्राउझर ढिम्म हलत नाही. टेबलावरचा धडधाकट प्रिंटर हिरवा दिवा लावून ताटकळतो.

कप्स १९९९ साली लोकांसमोर आले. त्याच वर्षी १ मे रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्यात आठ तालुके झाले, २०१६ साली मेडिकल कॉलेजही आले. प्रिंटरची चौकशी चालूच आहे.

त्याहून थोर इतिहास असा की, १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांना एका लेझर प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये, कागद अडकल्याची वर्दी मिळावी म्हणून, बदल करायचा होता. मूळ प्रोग्रॅम त्यांना मिळाला नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीमागे तो राग आहे. क्रांती झाली, लिनक्स जगभर पोचले; कागद तेवढा यायचा आहे.

तोवर एवढे करा. ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट:६३१' उघडा, यादीतली गतप्राण मंडळी काढून टाका आणि चालता प्रिंटर डिफॉल्ट करा. काढलेले पुन्हा उगवत असतील, तर नेटवर्कवरून प्रिंटर हुडकून आणणारी 'कप्स-ब्राउझ्ड' ही सेवा बंद करा. रांग मोठी असेल तर सातबाऱ्याची पीडीएफ उतरवून घ्या आणि टर्मिनलमधून 'एलपी' या आज्ञेने छापा. ब्राउझरला मात्र यातले काही कळू देऊ नका.