अंगावरचा कूलर

नागपूरच्या नंदनवन भागात थंडी जेमतेम महिना-दीड महिना टिकते, पण तिची तयारी दसऱ्यापासून चालते. कपाटावरची ट्रंक खाली येते, डांबरगोळ्यांचा वास घरभर फिरतो, स्वेटरं गच्चीवर ऊन खातात आणि बहुतेक वर्षी तिथूनच परत ट्रंकेत जातात. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या एका सकाळच्या भांडवलावर आमच्या गल्लीतला प्रत्येक माणूस आजही थंडीचा जाणकार आहे. म्हणून आम्ही नवरा-बायको हिवाळ्यात केदारकंठ्याला, बर्फात चालायला निघालोय हे कळताच सल्ल्यांना तोटा राहिला नाही.

"पैसे भरून थंडी वाजवून घ्यायला चालला का रे तू?" आईनं विचारलं. समोरचे काकाजी जास्त व्यवहारी. "मोजे तीन-तीन चढवायचे. वरून पन्नी बांधायची. पाय गरम म्हणजे माणूस गरम."

केदारकंठा उत्तराखंडात, उत्तरकाशी जिल्ह्यात. उंची साडेबारा हजार फूट. डेहराडूनहून दिवसभर गाडीत हाडं खिळखिळी करून घेतली की पायथ्याचं सांकरी गाव येतं. भर हिवाळ्यात नवख्यालाही चढता येतं, म्हणून मराठी ट्रेकरांचा तिथं राबता आहे. असल्या वाऱ्या केलेला आमचा पुतण्या पुण्याला असतो. त्यानं सामानाची यादी पाठवली. पहिलंच कलम होतं: सुती कपडा अंगावर नको.

आता आमच्या घरात सुती नाही असं आहे काय? बनियन, लेंगा, मोजे, गोधडी, सगळं सुती. जूनमध्ये जगायचं असेल तर नागपुरात दुसरा कपडा अंगाला लावायची सोय नाही. आईला तर ती यादी म्हणजे घराण्याचा अपमान वाटला. पण विचार केला तेव्हा कळलं, की ही गोष्ट जगात कोणाला समजायला हवी असेल तर ती नागपूरकराला. आमच्या खिडकीत तीन महिने पत्र्याचा कूलर घरघरत असतो. ताट्या ओल्या, पंखा सुरू, हवा कोरडी. पाण्याची वाफ होते आणि जाताना ती उष्णता ओढून नेते. हवा जितकी कोरडी तितका कूलर गार. पहिला पाऊस पडला की तोच कूलर नुसता दमट वारा मारतो. आता ताटीच्या जागी घामानं भिजलेला सुती बनियन धरा आणि पंख्याच्या जागी शिखरावरचा वारा. चढताना माणूस घामाघूम होतो, दम खायला थांबला की कूलर सुरू. त्याला बटण नाही. म्हणजे बर्फात खरं भ्यायचं ते थंडीला नव्हे, आपल्याच घामाला.

म्हणून तीन थर. आत घाम शोषून न ठेवता बाहेर काढणारं लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, मध्ये फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. पिसांचं फुगीर जॅकेट थांबल्यावर घालायचं. चालताना ते पिशवीत. आणि निघताना थोडी थंडी वाजतच निघायचं, कारण दहा मिनिटांत अंग तापतं. हे शेवटचं मी आईला सांगितलंच नाही.

खरेदीला तिबेटी स्वेटर बाजारात गेलो. दरवर्षी थंडीच्या तोंडावर हा बाजार भरतो. म्हटलं, हिमालयाची माणसं, यांच्याइतका बर्फ कोणाला कळणार? दुकानातल्या बाईंना विचारलं, "ताई, बर्फात कोणते हातमोजे चालतील?" बाई हसल्या. "बर्फ? भाऊ, मी गोठणगावची." गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, गेल्या शतकातल्या सत्तरच्या दशकापासून. तिथं जन्मलेल्या बाईंनी बर्फ माझ्याइतकाच पाहिला होता: उसाच्या रसात. तरी त्यांनी हातमोजे विकले, आतला पातळ जोड वेगळा, वरचा जाड वेगळा, आणि एक रुपया कमी केला नाही.

काकाजींच्या मोज्यांचा निकाल सांकरीत लागला. तीन मोजे घालून बूट घट्ट झाला की रक्त फिरत नाही, आणि बोटं उलट जास्त गारठतात. एक पातळ, एक जाड, आणि बूट थोडा मोठा. त्यावर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गेटर बांधायचे, म्हणजे बर्फ बुटात शिरत नाही, आणि तळव्याला साखळीचे खिळे. हे सगळं तिथं भाड्यानं मिळतं. पावलाचं वजन पसरवणारे रुंद स्नोशू मात्र लागले नाहीत, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाटेवरचा बर्फ तुडवून घट्ट केलेला. ते खरे कामाचे गुलमर्गसारख्या भुसभुशीत बर्फात. काश्मिरात पूर्वी लोक भाताच्या पेंढ्याचे विणलेले पुलहोर घालून बर्फात हिंडत. भंडाऱ्या-गोंदियाला तेच तणस ढोरं खातात. बर्फच नाही म्हटल्यावर करणार काय.

रात्रीची गोष्ट वेगळी. गारठ्यात बॅटरी भराभर उतरते, म्हणून मोबाइल आणि डोक्याचा दिवा झोपायच्या पिशवीत घ्यायचा. उद्याचे मोजे पिशवीत. उकळतं पाणी भरलेली बाटली पिशवीत. ती आधी पाय शेकते, सकाळी प्यायला होते. बाहेर ठेवलीच तर उलटी ठेवायची, कारण पाणी वरून गोठत येतं आणि सुलट्या बाटलीचं तोंडच बंद होतं. एवढा संसार आत घेतल्यावर माझी सोय कशीबशी लागली. संत्रा बर्फीचा डबा बायकोनं स्वतःच्या पिशवीत घेतला. माझ्यावर तिचा भरवसा नव्हता.

आणि ऊन! बर्फाच्या देशात उन्हानं भाजतं, हे नंदनवनात कोणी मानायला तयार नव्हतं. ताजा बर्फ अतिनील किरणं ऐंशी टक्क्यांहून जास्त परतवतो, म्हणजे ऊन खालूनही लागतं. हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या आत. काळा चष्मा नसला तर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन माणूस दिवसभर आंधळा. गटातली मुंबई-पुण्याची मंडळी नाकाला मलम फासत बसली होती. आमच्या बायकोनं पिशवीतून दुपट्टा काढला, कपाळावरून घेतला, कानांमागून फिरवला, नाकावरून ओढून मागे गाठ मारली. चष्म्यापुरती फट राहिली. दहा सेकंदांचं काम.

गढवाली गाइड बघतच राहिला. "दीदी, ऐसा बाँधना कहाँ सीखा?"

"नागपूरच्या व्हेरायटी चौकात," दुपट्ट्याआडून उत्तर आलं. "सिग्नलवर."